मुनग्याचा दाणा

मी काय काम करते असं कोणी विचारलं, तर मी सरळ सांगते, कोंबड्या काय खातात ते मी तपासते. रायपूरच्या भनपुरीत ट्रकांच्या रांगा संपतात तिथून थोडं आत कोंबड्यांचा दाणा बनवणारी एक मिल आहे. तिच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, ती माझी लॅब. मका, सोयाबीनची ढेप, तांदळाची कनकी, कोंडा, जे काही ट्रकमधून उतरतं त्याचा नमुना आधी माझ्या टेबलावर येतो. ओल किती आहे, प्रोटीन किती आहे, बुरशी तर नाही ना, हे पाहून मी हो म्हटलं तरच माल मिक्सरकडे जातो. मिलमध्ये बाया आधीही होत्या, पण झाडायला आणि पोती शिवायला. पांढरा कोट घालून बसणारी मी पहिली. नव्या हमालांना अजूनही वाटतं की मी हिशेबाच्या खोलीतली आहे आणि चुकून इकडे आले आहे. मी त्यांना नमुना आणायला सांगते, तेव्हा त्यांना कळतं.

आमचं घराणं भंडाऱ्याकडचं. बाबा रेल्वेत पार्सल ऑफिसात होते. बदलीनं रायपूरला आले आणि इथलेच झाले. चौबे कॉलनीत वरच्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो, आई, बाबा आणि मी. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं. लग्न जमलं नाही, नंतर मीच तो विषय बंद केला. कॉलेजात शिकवायचं सोडून पोट्टी कोंबड्यांच्या दाण्यात का गेली, हे नातेवाइकांना समजत नव्हतं. आईनं त्यावर स्वतःचं उत्तर शोधलं होतं. विहारातल्या बायांना ती सांगायची, "आमची पोट्टी कोंबड्याइचं जेवण पास करते. तिनं सही नाही केली तर कोंबड्या उपाशी." हे बोलताना ती मान जरा वर करायची. मला ते आवडायचं.

ज्या वर्षी मका महाग झाला, त्या वर्षीची ही गोष्ट आहे.

आमचा मुलूख धानाचा. राइस मिलमधून निघालेली तांदळाची तुटकी कणी, जिला इथे सगळे कनकी म्हणतात, ती हवी तेवढी मिळते. मका परवडेनासा झाला तशी आमच्या सेठजींनी दाण्यात मका कमी करून कनकी वाढवली. त्यात चूक काही नव्हती. कनकीनं कोंबडीचं पोट भरतं, ताकद मिळते, अंडीही येतात. पण तांदळात रंग नाही. मक्यातला पिवळेपणा अंड्याच्या बलकात उतरतो आणि कनकीत तो नसतोच. बघता बघता आमचा दाणा खाणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांचा बलक फिका पडला. गोल बाज़ारच्या मागच्या गल्लीतला अंड्यांचा मोठा व्यापारी सेठजींना फोन करकरून सांगायचा की गिऱ्हाइकं अंडं फोडून बघतात आणि हे बासी आहे म्हणून परत आणतात.

त्यातच उन्हाळा आला होता. रायपूरच्या मे महिन्यात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकत बसते. धापा टाकल्यानं तिच्या रक्तातला तोल बिघडतो, उन्हामुळे ती खातेही कमी, आणि अंड्याचं कवच पातळ होतं. ट्रेमध्ये अंडी तडकायला लागली. तो उन्हाळा कसाबसा गेला. पण सेठजींनी मनाशी ठरवलं होतं की पुढचा उन्हाळा यायच्या आत काहीतरी करायचंच.

संक्रांत झाली आणि एक एजंट आला. बाहेरच्या कुठल्याशा कंपनीची पावडर त्यानं आणली होती. बोलायला गोड माणूस होता. त्याचं म्हणणं असं की दाण्यात ही पावडर थोडीशी मिसळा, मांसासाठी पाळलेली ब्रॉयलरची पिल्लं झपाट्यानं वाढतील, मांस रसदार होईल, अंडी देणाऱ्या लेअर कोंबड्यांचा बलक नारिंगी होईल आणि कवच दगडासारखं. एका पाकिटात सगळं होतं. सेठजींचे डोळे चमकले. त्यांनी मला बोलावलं, पाकीट हातात दिलं आणि सांगितलं की लॅबमध्ये बघून घ्या, पुढच्या महिन्यापासून सगळ्या दाण्यात टाकायची आहे, पोत्यावर छापायचं चित्रही ठरलं आहे.

मी पावडर तपासली. त्यात घातक काही सापडलं नाही. रंग होता, काही जडीबुटी होती, थोडी जीवनसत्त्वं होती. पण पावडरीत काय आहे हे माझ्या टेबलावर कळतं. कोंबडीच्या अंगात जाऊन ती काय करते हे तिथे कळत नाही. मी सेठजींना म्हटलं की आधी कोंबड्यांना खाऊ घालून बघू. त्यांना घाई होती. ते म्हणाले, एजंटकडे कागद आहेत, दुसऱ्या राज्यातल्या फार्मचे फोटो आहेत. मी म्हटलं, तिकडे मका खातात, आपल्या कोंबड्या कनकी खातात, आणि ऊन आपलं आहे. ते थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग हसून म्हणाले, "ठीक है, आपकी ज़िद। गर्मी के पहले बता दीजिए।"

त्यांनी हो म्हटलं तेव्हा मी आणखी एक मागणं घातलं. कोंबड्यांचा एक भाग नेहमीच्या दाण्यावर, एक पावडरवर, आणि तिसरा मला माझ्या मनानं करू द्या. त्यात काय घालणार, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मुनग्याचा पाला, थोडा जवस आणि संध्याकाळी शिंपल्यांचा जाड चुरा. ते पुन्हा हसले. मुनगा, म्हणजे पुण्या-मुंबईकडे ज्याला शेवगा म्हणतात तो, आमच्याकडे प्रत्येक बारीत, म्हणजे परसात, उभा असतो. असल्या फुकटच्या झाडाचा दाणा कोण विकत घेईल, असं त्यांना वाटलं असावं. पण त्यांनी अडवलं नाही.

प्रयोगासाठी जागा मिळाली ती भनपुरीच्या पलीकडच्या एका गावात. तिथल्या एका नवरा-बायकोचा लहानसा फार्म होता, एक शेड अंडी देणाऱ्या कोंबड्यांची, एक ब्रॉयलरची. ते आमचाच दाणा घ्यायचे. सगळं बघायची ती बाईच. आम्ही एकमेकींना दीदी म्हणायचो. दोन्ही शेडमध्ये जाळी लावून आम्ही तीन-तीन भाग केले. एका भागाला नेहमीचा दाणा, दुसऱ्याला पावडरचा, तिसऱ्याला मुनग्याचा. पोत्यांची तोंडं मी वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यांनी शिवून घेतली आणि कुठल्या रंगात काय आहे ते दीदीला सांगितलं नाही. मुनग्याचा दाणा जरा हिरवट दिसायचा, ते लपण्यासारखं नव्हतं. ती एकदा पोत्यात हात घालून म्हणाली, "एमा का मिलाय हव दीदी?" यात काय मिसळलंय, असं. मी म्हटलं, शेवटी सांगेन. ती म्हणाली, "हव, ठीक हे," आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

मुनग्याचा पाला सुकवायचं काम आईनं अंगावर घेतलं. उन्हात सुकवला तर रंग उडतो, म्हणून सावलीत पसरायला हवा होता. आमच्या घराचा समोरचा खण, बाबांची खाट, टीव्हीपुढची जागा, सगळीकडे जुन्या साड्यांवर हिरवा पाला पसरला. विहारातल्या बाया दुपारी यायच्या, गप्पा मारत देठं काढायच्या. कॉलनीत ज्यांच्या अंगणात मुनगा होता त्यांच्याकडे आई पिशवी घेऊन जायची आणि कारण सांगायला लाजायची नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की एवढी भाजी कोणासाठी, तर म्हणाली, "कोंबड्यासाठी. माह्या पोट्टीचा प्रयोग चालू हाय." घरभर हिरवा, थोडा तिखट वास भरून राहिला होता. बाबा दोन वेळा चिडले आणि मग स्वतःच पाला उलटवायला लागले.

बाबांचा खरा भाग वजनाचा. पिल्लं किती वाढली हे बघायला दर आठवड्याला त्यांना तोलावं लागतं. मिलमधला माणूस मागितला असता तर मिळाला असता, पण बाबा म्हणाले की मी येतो. उभी नोकरी त्यांनी काट्यापुढे काढली होती. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही स्कूटरवर निघायचो, ते पुढे, मी मागे काटा मांडीवर धरून. फार्मवर पोचलं की आधी रिकामी टोपली काट्यावर, मग पिल्लू टोपलीत. पिल्लू शांत होईपर्यंत बाबा थांबायचे. पहिल्या दिवशी एकानं टोपलीतून उडी मारली आणि शेडभर पळापळ झाली. दीदी पदर तोंडाला लावून हसत होती. बाबा धापा टाकत म्हणाले, "रेल्वेत पार्सल पळत नव्हतं बाप्पा." पण नंतर त्यांना ती कला साधली. एका हातानं पाय, दुसऱ्या हातानं पंख, असं धरून ते पिल्लाला अलगद ठेवायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे, जसा ते खिडकीवर सांगत असतील.

सुरुवातीलाच माझ्या हातून गडबड झाली. मुनग्याच्या भागातली ब्रॉयलर पिल्लं मागे पडायला लागली. नेहमीच्या दाण्यावरची पिल्लंसुद्धा त्यांच्या पुढे होती. बाबा काट्याकडे बघून म्हणाले, "काहून गं, हे तुये पोट्टे मागं पडून राहिले?" मी दाण्याचं भांडं बघितलं तर त्यात बराच दाणा तसाच पडलेला. पाला जास्त झाला होता. पाल्यात चोथा असतो, लहान पिल्लाचं पोट त्यानं भरतं पण अंगी काही लागत नाही. चांगली गोष्ट आहे म्हणून मी हात सैल सोडला होता. त्याच दिवशी मिलमध्ये येऊन मी पाला अगदी कमी केला, पुढच्या फेरीला पिल्लांनी भांडी रिकामी केली आणि हळूहळू ती इतरांच्या बरोबरीला आली. बरोबरीलाच. पुढे गेली नाहीत. हेही मी जसंच्या तसं सेठजींना कळवलं.

जवसानं तर घरातच फजिती केली. मुनग्याच्या भागातली अंडी मी घरी आणली होती. आईनं त्यांचं आम्लेट केलं आणि तव्यापुढेच थांबली. मला हाक मारून म्हणाली, "हे अंडं हाय का मासोळी?" बाबांनी वास घेतला आणि ताट सरकवलं. जवसातलं तेल चांगलं, अंड्यात उतरलं तर माणसालाही चांगलं, म्हणूनच मी ते घातलं होतं. पण ते वाजवीपेक्षा जास्त झालं की काही कोंबड्यांच्या अंड्यांना, त्यातही तपकिरी अंड्यांना, माशासारखा वास येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तरी माप चुकलं होतं. जवस कमी केला. काही दिवसांनी आईनं पुन्हा आम्लेट केलं, आधी स्वतः खाल्लं आणि मग आम्हाला वाढलं. लगेच तिनं दुसरं अंडं फोडायला घेतलं. मला पुरेसं होतं ते.

मार्च सरता सरता शेडमधला फरक डोळ्यांना दिसायला लागला. पावडरच्या भागातला बलक नारिंगी झाला होता, खूपच नारिंगी. मुनग्याच्या भागातला बलक पिवळा, हळदीकडे झुकणारा. नेहमीच्या दाण्याचा फिकाच. रंगाच्या बाबतीत पावडर जिंकली हे मला मान्य करावं लागलं. एप्रिलच्या उन्हात मात्र पावडरच्या भागातली अंडी नेहमीच्या दाण्यावरच्या अंड्यांसारखीच तडकायला लागली, आणि मुनग्याच्या भागातली टिकली. ते काम मुनग्याचं नव्हतं, शिंपल्यांच्या जाड चुऱ्याचं होतं. कोंबडीच्या पोटात कवच रात्रीतून तयार होतं. बारीक चुना सकाळी खाल्ला तर तोवर निघून जातो. जाड चुरा संध्याकाळी खाल्ला की पोटात सावकाश विरघळत राहतो आणि ज्या वेळी कवच बनतं त्या वेळी कामी येतो. दीदी रोज ऊन उतरलं की तो चुरा पसरायची. कोंबड्या इतक्या आवडीनं टिपायच्या की तिला वाटलं मी त्यात काही गोड घातलं आहे.

राहिलं मांस. ब्रॉयलर तयार झाले तेव्हा तिन्ही भागांतला एकेक आम्ही घरी आणला. आईनं तीन भांड्यांत रस्सा केला, आणि कशात काय हे फक्त मला माहीत. दीदी आणि तिचा नवराही जेवायला आले होते. सगळ्यांनी तिन्ही चाखले. बाबा म्हणाले, तिन्ही मस्त. दीदीचा नवरा म्हणाला, बीचवाला ज़्यादा तीखा है. आई म्हणाली, "मसाला माह्या हातचा, फरक कसा समजन?" तिचं बरोबर होतं. मग दुसऱ्या दिवशी नुसतं मीठ घालून उकडलेले तुकडे वाढले. बाबांनी डोळे मिटून चावले, पाणी प्यायले, पुन्हा चावले. शेवटी म्हणाले, "खोटं काहून बोलू? मले एकसारखंच लागून राहिलं." मलाही. पिल्लं एकाच जातीची, एकाच वयाची, एकाच शेडमधली. इतक्या कमी दिवसांत चव बदलणार कशी. तेव्हा मी ठरवलं की मांसाबद्दल आपल्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच सांगायचं.

सेठजींच्या खोलीत बैठक झाली. एजंट आला होता, विक्रीची माणसं होती. नव्या पोत्याचं चित्र टेबलावर होतं, त्यावर मोठा लाल कोंबडा आणि खाली ‘तेज़ बढ़वार’, म्हणजे झटपट वाढ, असे शब्द. मला बोलायची सवय नाही. लॅबमध्ये मी एकटी असते, दिवसभरात दहा वाक्यं बोलायची वेळ येत नाही. सेठजींनी एवढंच विचारलं, "बढ़ा कि नहीं?"

मी म्हटलं, "नहीं बढ़ा, सेठजी. पाउडर से भी नहीं, मेरे मुनगे से भी नहीं."

मग मी बाकीचं सांगितलं, पावडरचा रंग पक्का आहे, कवचाला तिचा उपयोग नाही, मुनग्याचा रंग बेताचा पण चांगला, चुऱ्यानं कवच टिकतं, मांसात फरक नाही. माझी पाल्याची आणि जवसाची चूकही सांगितली. एजंट हसतमुखानं ऐकत होता. माझं झाल्यावर तो सेठजींकडे वळून म्हणाला की मॅडमची मेहनत खरी आहे, पण वजन त्यांच्या वडिलांनी केलं आहे, घरच्या माणसानं केलेल्या वजनाचं काय घ्यायचं.

मला राग आला, तो माझ्यासाठी नव्हता. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या तोलल्या आणि त्यांच्या काट्याबद्दल कोणी शब्द काढला नव्हता. पण मी आवाज चढवला नाही. मी म्हटलं, ब्रॉयलरची दुसरी खेप तयार होत आली आहे, त्याच दाण्यांवर. आपण सगळे जाऊ. काटा तुमचा, हातही तुमचे.

सेठजींना ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या फार्मवर पोचल्या. एजंटनं स्वतःचा काटा आणला होता. बाबा आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पण काट्याजवळ गेले नाहीत. जाळीला टेकून उभे राहिले. एजंटला पिल्लू धरता येईना, ते फडफडून त्याच्या बाहीवर घाण करून गेलं. बाबांनी जागेवरूनच हातानं खूण करून दाखवली, एक हात पायाला, एक पंखाला. त्यानं तसं केलं. आधी नेहमीच्या दाण्याची पिल्लं झाली, मग पावडरची, मग मुनग्याची. सेठजी आकडे बघत होते. थोड्या वेळानं एजंटनंच थांबवलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण त्यानं फाटे फोडले नाहीत. कपाळ पुसत म्हणाला, "इस मौसम में फ़र्क़ नहीं दिख रहा।" सेठजी म्हणाले, आपल्याकडे तर बहुतेक हाच मौसम असतो.

मग ते लेअरच्या शेडमध्ये गेले. दीदीनं तिन्ही भागांतली अंडी वेगवेगळ्या थाळ्यांत ठेवली होती. सेठजींनी एकेक अंडं मुठीत धरून दाबलं, काहींना बोटावर टिचकी मारली, काही फोडून बघितली. मुनग्याच्या थाळीपाशी ते जास्त वेळ थांबले. गाडीत बसताना त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, पोत्यावर काय छापू. मी म्हटलं, जे आहे ते. कवच मजबूत, ज़र्दी पीली, म्हणजे बलक पिवळा. वाढीचं नाव नको.

विक्रीची माणसं नाराज झाली. वाढीचं नाव न घेता ब्रॉयलरवाल्यांना काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. सेठजींनी ब्रॉयलरचा दाणा होता तसाच ठेवला, त्यात ना पावडर ना मुनगा. मुनगा, थोडा जवस आणि वेगळ्या थैलीत शिंपल्यांचा चुरा फक्त लेअरच्या दाण्याबरोबर जाऊ लागला. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं तुटली. लाल कोंबड्याचं चित्र असलेली पोती दुसरीकडे मिळत होती. मला रात्रंदिवस काळजी होती असं नाही, पण ट्रक अर्धा भरून निघाला की मी खिडकीतून बघायचे.

मग मे लागला. त्या वर्षी ऊन नेहमीसारखंच होतं, म्हणजे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटेल असं. महिना सरत आला तरी गोल बाज़ारच्या व्यापाऱ्याचा फोन आला नाही. सेठजींना चैन पडेना, त्यांनीच फोन लावला आणि स्पीकर चालू करून मला आत बोलावलं. पलीकडून तो म्हणाला की अंडी ठीक येताहेत, तुटत नाहीत, पिवळीही आहेत, मग फोन कशाला करू. सेठजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांची कौतुक करायची पद्धत एवढीच. मी लॅबमध्ये परत आले, दार लावलं आणि टेबलाशी उभी राहून एकटीच हसले.

पावसाळ्यानंतर सेठजींनी मिलच्या आवारात आजूबाजूच्या कोंबडीवाल्यांना बोलावलं. मांडव घातला होता, चहा होता. मला पुढे उभं केलं. मी अर्धं हिंदीत, अर्धं छत्तीसगढीत बोलले. घाबरले की मधेच मराठी शब्द यायचा आणि लोक हसायचे, पण समजून घ्यायचे. फार्मवाली दीदी पहिल्या रांगेत होती. तिनं उठून सगळ्यांना सांगितलं की चुरा संध्याकाळीच टाकायचा, सकाळी टाकला तर वाया, आणि तो कसा पसरायचा ते हातानं करून दाखवलं. तिचं बोलणं लोकांनी माझ्यापेक्षा जास्त कान देऊन ऐकलं. मला बरं वाटलं. ते काम जेवढं माझं होतं तेवढंच तिचं होतं.

एका म्हाताऱ्या माणसानं विचारलं की हळद घातली तर कसं. मी म्हटलं, मला माहीत नाही, करून बघावं लागेल. मागून कोणीतरी म्हटलं, ही मॅडम निदान माहीत नाही असं तरी म्हणते. लोक हसले, मीही.

आई-बाबा मागच्या रांगेत बसले होते. आई नवी साडी नेसून आली होती आणि शेजारच्या बाईला मुनगा सावलीत का सुकवायचा ते समजावत होती. कार्यक्रम संपला, मी चहा घेऊन त्यांच्याकडे निघाले, तेव्हा दूरच्या गावाहून आलेला एक शेतकरी बाबांना विचारताना मला ऐकू आलं, आपका भी फार्म है क्या.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "फार्म नहीं है," ते म्हणाले. "जो मॅडम अभी बोली न, वो मेरी लड़की है. ये सब उसने निकाला."

तो माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं बाबांना हात जोडले. बाबांनीही जोडले. मला येताना बघून ते जरा बाजूला सरकले आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.